दार बंद करून खेळलेला सामना

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये श्रेष्ठ संघ कोणते, असे विचारले की केंटकी, कॅन्सस, ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना ही नावे पुढे येतात. भव्य क्रीडागृहे, नामांकित प्रशिक्षक, छताला टांगलेली विजेतेपदांची निशाणे. ही यादी खोटी नाही. परंतु स्पर्धेच्या दारातून कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, हे न विचारता श्रेष्ठत्व ठरविणे आम्हाला मान्य नाही. म्हणून जॉन मॅक्लेंडन यांची ओळख वाचकांना करून देत आहोत.

त्यांचा जन्म १९१५ साली कॅन्सस राज्यातील हायवाथा येथे झाला. १९३३ साली ते कॅन्सस विद्यापीठात दाखल झाले. बास्केटबॉलचे जनक जेम्स नैस्मिथ तेथेच शिकवीत होते. विद्यापीठाचा संघ मात्र फक्त गोऱ्यांचा! या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला संघात जागा मिळाली नाही, पण नैस्मिथ यांनी त्याला शिष्य मानले. विद्यापीठाच्या जलतरण तलावातही कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. मॅक्लेंडन तलावात उतरले, नैस्मिथ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि ती बंदी मोडली. स्पर्शाने पाणी बाटते हा रोग केवळ आपल्याच देशातला नव्हे.

पुढे डरहॅम येथील कृष्णवर्णीयांच्या नॉर्थ कॅरोलायना कॉलेजात ते १९४० साली मुख्य प्रशिक्षक झाले. पैसा नाही, वृत्तपत्रांची दखल नाही. होती ती शिकविण्याची पद्धत. त्या काळी बहुतेक संघ चेंडू सावकाश फिरवीत, संधीची वाट पाहत. मॅक्लेंडन यांनी खेळाडूंकडून आधी लांब पल्ल्याची धाव करून घेतली. चेंडू हाती येताच प्रतिपक्ष सावरण्याआधी धावत सुटायचे आणि चेंडू गेला की स्वतःच्या टोपलीखाली न थांबता पूर्ण मैदानभर प्रतिपक्षाला घेरायचे. जिथे चेंडू, तिथे लढाई, हे सूत्र त्यांनी नैस्मिथ यांच्याकडून घेतले होते. आज मोठमोठे संघ जो वेगवान खेळ खेळतात, त्याची घडण अशी एका दुर्लक्षित व्यायामशाळेत झाली.

१२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. गावातले लोक चर्चमध्ये. ड्यूकच्या वैद्यकीय शाखेतील गोऱ्या विद्यार्थ्यांचा संघ आडमार्गाने या कॉलेजात आला. दारे आतून बंद करण्यात आली. प्रेक्षक नाहीत. मॅक्लेंडन यांच्या संघाने ८८-४४ असा, म्हणजे बरोबर दुप्पट गुणांनी विजय मिळविला. नंतर दोन्ही संघ मिसळून पुन्हा खेळले. लपूनछपून कशासाठी? त्याच वर्षी जुलैत याच डरहॅममध्ये बसमधील आसनाच्या वादातून चालकाने एका कृष्णवर्णीय सैनिकाला गोळी घालून मारले आणि गोऱ्या ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. कायद्याच्या व्यवसायातील आम्हाला हा निकाल त्या सामन्याच्या गुणफलकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. सामन्याची हकीकत १९९६ साली जाहीरपणे छापून आली.

१९५४ साली ते नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात गेले. एनसीएएच्या मोठ्या स्पर्धेचे दार अशा संस्थांना बंद होते, ते एनएआयएने उघडले होते. तेथेही मॅक्लेंडन यांनी कॅन्सस सिटीत आपले खेळाडू इतर संघांबरोबरच्याच हॉटेलात उतरतील, असा आग्रह धरला. मग १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. असे करणारे ते पहिले महाविद्यालयीन प्रशिक्षक. डिक बार्नेट त्याच संघातला. पुढे न्यूयॉर्क निक्सकडून त्याने एनबीए गाजविली. १९५८ साली एनसीएएचे विजेतेपद केंटकीने जिंकले. केंटकीच्या संघात एकही कृष्णवर्णीय नव्हता. पहिला खेळला तो १९७० मध्ये. हे दोन विजेते समोरासमोर आलेच नाहीत. मग त्या वर्षीचा श्रेष्ठ कोण?

१९६६ साली क्लीव्हलँड स्टेटने त्यांना नेमले. गोऱ्यांचे बाहुल्य असलेल्या विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. १९७९ साली बास्केटबॉलच्या सन्मान दालनात त्यांचे नाव लागले, पण प्रशिक्षक म्हणून नव्हे, केवळ खेळाला योगदान देणारे म्हणून! १९९९ साली त्यांचे निधन झाले. प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव त्या दालनात लागले ते २०१६ साली.