देह सापडला पाहिजे

(द्वितीय वर्ष, कला)

शूरांची चरित्रे वाचताना मला नेहमी एक शंका येते. अशा माणसाच्या मनात घरचा विचार येत असेल का? आंरी गियोमे या फ्रेंच वैमानिकाची हकीकत वाचली आणि त्या शंकेचे उत्तर अगदी अनपेक्षित जागी मिळाले.

गियोमेचा जन्म १९०२ साली शाम्पान्य भागातील बुई या खेड्यात झाला. पुढे तो तुलूझच्या लातेकोएर कंपनीत टपालाची विमाने चालवू लागला. सेंत-एक्झुपेरी हा पुढे नावाजलेला लेखक तिथे नवखा म्हणून आला, तेव्हा स्पेनवरून जाणारा मार्ग त्याला गियोमेनेच शिकवला. नद्यांची लांबी नाही की शहरांची लोकसंख्या नाही. कोणत्या शेताच्या कडेला तीन संत्र्यांची झाडे आहेत आणि कुठल्या गवतात ओढा दडून बसला आहे, एवढेच. भूगोलाचा असा तास आम्हाला कधी मिळाला नाही!

नंतर त्याच्याकडे अँडीज पर्वत ओलांडून टपाल नेण्याचे काम आले. १३ जून १९३० रोजी तो चिलीतील सांतियागोहून अर्जेंटिनातील मेंदोसाकडे एकटाच निघाला. तिकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. वादळाने विमान खाली दाबले. लागुना दियामांते या सरोवराभोवती तो पेट्रोल संपेपर्यंत घिरट्या घालत राहिला. शेवटी उतरला, तो विमान बर्फात उलटले. विमानाखाली खड्डा करून, भोवती टपालाच्या पिशव्या रचून त्याने दोन दिवस काढले. मग चालू लागला. जवळ दोर नाही, कुदळ नाही. पाय इतके सुजले की बूट कापून मोठे करावे लागले. सोबती विमानातून त्याला शोधत होते, पण त्या अफाट बर्फात एक माणूस कुठून दिसणार?

एकदा तो पडला आणि उठावेसे वाटेना. तेव्हा त्याला पत्नी नोएल आठवली, आणि तिच्यासाठी उतरवलेला विमा. पण माणूस बेपत्ता झाला तर कायद्याने त्याला मृत धरायला चार वर्षे लागत. देह उतारावर पडून राहिला, तर उन्हाळ्यात बर्फाबरोबर दरीत वाहून जाईल. समोर एक खडक होता. तिथवर गेलो तर निदान प्रेत सापडेल, म्हणून तो उठला. खडकापाशी पोचला आणि पुढेही चालत राहिला.

आमच्या आळीतला एक माणूस कामासाठी मुंबईला गेला तो परतलाच नाही. त्याच्या बायकोला सगळीकडे एकच उत्तर मिळाले, सात वर्षे थांबा. कुंकू लावावे की पुसावे, हे तिला सांगणारे कोणी नव्हते. म्हणून त्या खडकाचे मोल मला कळते.

पाच दिवस आणि चार रात्री चालल्यावर एका ओढ्याकाठी एक बाई आणि तिचा चौदा वर्षांचा मुलगा यांना तो दिसला. त्यांनी त्याला घरी नेले.

बरा होऊन गियोमे पुन्हा त्याच मार्गावर गेला. अँडीज त्याने एकूण ३९३ वेळा ओलांडला. सेंत-एक्झुपेरीने १९३९ साली आपले पुस्तक त्याला अर्पण केले. पुढच्याच वर्षी, २७ नोव्हेंबर १९४० रोजी, सीरियाकडे जाताना त्याचे विमान भूमध्य समुद्रावर लढाऊ विमानाने पाडले. या वेळी देह सापडला नाही.