चीनमध्ये रुजलेले डॉ. कोटणीस

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही होते. चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता आली; तरीही ते परतले नाहीत. पुढे काही सहकारी मायदेशी गेले, कोटणीस मात्र राहिले. दुभाष्याच्या आधाराने रुग्णसेवा ती किती होणार? ते चिनी बोलावयास आणि लिहावयासही शिकले. चिनी लोकांच्या लेखी ते ‘के दिहुआ’ झाले. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुत्राचे नाव यिनहुआ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने कोटणीसांचे निधन झाले, तेव्हा यिनहुआ चार महिन्यांचाही नव्हता.