पायाखाली उतरलेला माणूस

आजचे वाचन : मत्तय ७:२४-२७

दोन घरांचा हा दाखला आपण संडेस्कूलपासून ऐकत आलोय. पण तो वाचताना मला एक प्रश्न हमखास पडतो. घर वाळूवर बांधून झालंय, आत माणसं राहताहेत, पूर अजून यायचाय. अशा घराचं काय करायचं? त्याबद्दल दाखल्यात काही सांगितलेलं नाही. मग मला विल्यम वॉकर आठवतो.

इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या कॅथेड्रलचं बांधकाम १०७९ मध्ये सुरू झालं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ते पूर्वेकडे वाढवलं, पण तिथली जमीन दलदलीची. वरच्या मातीखाली कुजलेल्या पालापाचोळ्याचा काळा, भुसभुशीत थर, आणि घट्ट खडी लागते ती त्याच्याही खाली. पाण्यामुळे तितकं खोल जाणं त्या काळी जमण्यासारखं नव्हतं. म्हणून बांधणाऱ्यांनी झाडांचे ओंडके आडवे पसरले आणि त्यांवर भिंती चढवल्या. त्यांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सातशे वर्षं ते काम उभं राहिलं! पण १९०५ च्या सुमारास भिंती कललेल्या होत्या, भेगा रुंदावत होत्या, आणि इमारत राहते की जाते अशी वेळ आली होती.

वास्तुविशारद थॉमस जॅक्सन यांनी अभियंता फ्रान्सिस फॉक्स यांचा सल्ला घेतला. भिंतीखाली खड्डा खणला की तो पाण्याने भरायचा. पंप लावून उपसा करावा, तर पाण्याबरोबर बारीक मातीही निघून येणार आणि भिंत आणखी खचणार. शेवटी फॉक्स यांनी पाणबुड्या बोलावला.

वॉकरचा जन्म १८६९ चा. धंदा शिकला पोर्ट्समथच्या गोदीत. विंचेस्टरला तो १९०६ मध्ये आला आणि १९११ पर्यंत खाली उतरत राहिला. रोज सुमारे सहा तास, सहा मीटरपर्यंत खोल. पाणी इतकं गढूळ की दिवा नेऊनही उपयोग नाही. सगळं काम हाताने चाचपडत. भुसभुशीत थर कापून काढायचा, खडी लागली की तिच्यावर काँक्रीटची पोती एकमेकांना घट्ट भिडवून रचायची. तळ असा बंद झाला की मग पाणी उपसता यायचं आणि गवंडी खाली उतरून बांधकाम भिंतीपर्यंत आणायचे. एक खड्डा झाला की शेजारचा. असे दोनशेहून जास्त खड्डे. पोती २५ हजारांच्या वर लागली, विटा सुमारे ९ लाख.

त्याच्या पोशाखाचं वजन जवळजवळ ९० किलो. जेवणाच्या सुट्टीत तो काढून पुन्हा चढवत बसण्यापेक्षा तो नुसतं शिरस्त्राण उतरवायचा, डबा खायचा, पाइप ओढायचा की परत खाली. शनिवार-रविवारी सायकलने लंडनजवळच्या घरी जायचा, म्हणजे सुमारे ११० किलोमीटर, असं सांगतात.

आपल्याकडे चर्चमधल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा देणगीदाराचं नाव असतं. पायावर नाव घालायची सोयच नसते, बिचाऱ्याने घालावं तरी कुठे?

तरी वॉकरची दखल घेतली गेली. १५ जुलै १९१२ रोजी उपकारस्तुतीची उपासना झाली, तिला राजा पाचवा जॉर्ज हजर होता, आणि वॉकरला राजसन्मानही मिळाला. सहाच वर्षांनी, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तो वारला. नंतर कॅथेड्रलमध्ये त्याचा छोटा पुतळा बसवला, तर त्याला चेहरा आला फॉक्स यांचा! ती चूक निस्तरून खऱ्या वॉकरचा पुतळा लागायला २००१ साल उजाडलं.

विंचेस्टरची जमीन काही बदललेली नाही. पावसाळी हिवाळ्यात कॅथेड्रलच्या तळघरात आजही पाणी चढतं. वर उपासना चालू असते.