डॉ. अलॉइस अल्झायमर : जीवन परिचय

डॉ. अलॉइस अल्झायमर यांचा जन्म 14 जून 1864 रोजी जर्मनीतील मार्क्टब्राइट गावी झाला. 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात त्यांनी विसराळूपणाने ग्रासलेल्या 51 वर्षांच्या ऑगस्टे डेटर यांना तपासलं. 1906 मध्ये त्या वारल्यावर त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पेशींबाहेर गुठळ्या आणि पेशींत गुंतलेले तंतू! त्याच वर्षी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडलं, पण कुणी प्रश्नसुद्धा विचारला नाही. 1910 मध्ये क्रेपेलिन यांनी आजाराला त्यांचं नाव दिलं. 19 डिसेंबर 1915 रोजी डॉक्टर वारले.

त्यांना मृत्यूनंतरच दिसलेल्या अमायलॉइड व टाऊ प्रथिनांच्या खुणा आता जिवंतपणीच मणक्यातल्या पाण्यात, रक्तातही मोजता येतात. म्हणून पालकांनो, आजोबा तेच तेच विचारतात तेव्हा म्हातारचळ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.