सार्वजनिक काका : लोकांचे वकीलपत्र घेतलेला माणूस

पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास वाचू लागले की न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले, आगरकर ही नावे चटकन डोळ्यांसमोर येतात. या सर्वांच्या आधी ज्याने जमीन नांगरून ठेवली, त्या गणेश वासुदेव जोशी यांचे नाव मात्र पुष्कळदा एखाद्या ओळीत उरकले जाते. त्यांना लोक मूळ नावाने फारसे ओळखतच नसत. ते सगळ्यांचे सार्वजनिक काका होते. पदवी सरकार देते आणि नाते समाज देतो. काकांच्या वाट्याला नाते आले.

त्यांचा जन्म १८२८ साली साताऱ्याचा. पेशवाई बुडून अवघी दहा वर्षे झाली होती. घरची स्थिती बेताची आणि शिक्षण जेमतेम. तरुणपणी ते पुण्यास आले व कचेरीत कारकुनी करू लागले. पुढे वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. इंग्रजी कायदा नवा, त्याची भाषा परकी आणि कोर्टाची पायरी सामान्य माणसाला पहाडासारखी. अशा वेळी वकिली हा पैसा मिळविण्याचा सोपा मार्ग होता. अशिलाचे अज्ञान हेच ज्याचे भांडवल, असे वकील तेव्हाही थोडे नव्हते. काकांनी त्याच विद्येचा उपयोग लोकांना उभे करण्यासाठी केला. त्यांचे मोठेपण येथून सुरू होते.

निमित्त झाले पर्वती संस्थानच्या कारभाराचे. देवस्थानच्या व्यवस्थेविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. पण त्या सरकारपुढे मांडायच्या कोणी आणि कोणाच्या वतीने? चार शहाण्यांनी एकत्र बसून अर्ज लिहिला, तर त्यांना विचारणारे कोणीही विचारू शकत होते की, तुम्हाला लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला कोणी? या प्रश्नाला काकांनी अस्सल वकिली उत्तर शोधले. वकीलपत्राशिवाय वकील कोर्टात उभा राहू शकत नाही. मग मुखत्यारपत्राशिवाय लोकांचा प्रतिनिधी तरी कसा उभा राहील? २ एप्रिल १८७० रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, ती याच तत्त्वावर. किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणील त्यालाच सभासद होता येईल, असा नियम ठरला. पहिले पंचाण्णव सभासद सुमारे सहा हजार लोकांचे मुखत्यार होऊन आले. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले आणि चिटणिशीचे ओझे काकांनी उचलले.

मतदानाचा हक्क तर दूरच, ज्या काळी निवडणूक हा शब्दही खेडोपाडी पोचला नव्हता, त्या काळची ही गोष्ट आहे. राष्ट्रीय सभा जन्माला येण्यास अजून पंधरा वर्षे अवकाश होता. १८७१ साली न्यायमूर्ती रानडे बदली होऊन पुण्यास आले आणि सभेला विचारांचे बळ मिळाले. रानडे सरकारी न्यायाधीश, त्यांना उघडपणे पुढे होता येत नसे. विचार रानड्यांचा आणि पाय काकांचे, अशी ही जोडी होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

अर्थात या सभेला मर्यादा होत्या. सभासदांत सरदार, इनामदार, सावकार, वकील व पेन्शनर यांचाच भरणा अधिक. कष्टकरी शेतकरी या सभेत कितीसा आहे, असा रोखठोक सवाल जोतीराव फुले यांनी केला आणि तो गैरवाजवी नव्हता. ज्याचे मुखत्यारपत्र घ्यायचे त्याला शेजारी बसवायचे की नाही, हा प्रश्न त्या पन्नास सह्यांच्या नियमाने सुटला नाही. काकांचे चरित्र सांगताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. मात्र सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी हाती घेतली, साऱ्याच्या वाढीविरुद्ध अर्ज केले आणि १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे ठेवली, हेही तितकेच खरे आहे.

काकांनी वकील म्हणून केलेले आणखी एक काम आज विशेष आठवावे असे आहे. दाव्यापायी दोन्ही पक्ष धुळीला मिळतात, हे ते रोज डोळ्यांनी पाहत होते. सावकाराचे व्याज, स्टँपाचा खर्च, तारखांचे हेलपाटे यांत कुणब्याची जमीन जाई. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांचा असंतोष भडकला आणि कर्जरोख्यांची होळी झाली, ती याच आगीतून. अशा काळात काकांनी पुण्यात लवाद कोर्टाचा पुरस्कार केला. दोन्ही पक्षांनी राजीखुशीने लेखी कबुली द्यावी, जाणत्या पंचांनी कागद पाहून, साक्षी ऐकून निवाडा करावा, असा हा मार्ग होता. ज्या वकिलाचे पोट दाव्यांवर चालते, त्यानेच दावे कमी करण्यासाठी झटावे, यात केवढा त्याग आहे हे सांगायला नको. ही लवाद कोर्टे फार काळ तग धरू शकली नाहीत. पण १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात सरकारलाही समेट घडवून आणणाऱ्या पंचांची तरतूद करावी लागली आणि आज आपण लोकअदालतीत तडजोडीने निकाल लागलेला पाहतो, तेव्हा काकांच्या त्या धडपडीची आठवण होते.

स्वदेशीच्या बाबतीत काका बोलून थांबले नाहीत. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी देशी कापड वापरण्याची शपथ घेतली व स्वतः सूत काढण्यास आरंभ केला. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते सभेचे प्रतिनिधी म्हणून गेले. रेशीम, जर आणि हिऱ्यामोत्यांनी झगमगणाऱ्या संस्थानिकांच्या त्या मेळाव्यात जाड्याभरड्या पांढऱ्या खादीतला हा पुणेकर वकील उभा होता. घरातही तीच निष्ठा होती. पत्नी सरस्वतीबाई यांनी स्त्रीविचारवती सभेच्या द्वारे निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांना हळदीकुंकवासाठी एकत्र आणले. त्या काळच्या पुण्यात ही लहान गोष्ट नव्हती.

पण काकांची खरी कसोटी लागली ती १८७९ साली. वासुदेव बळवंत फडके यांनी सशस्त्र बंड पुकारले होते. मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा आगीत सापडले आणि सारे शहर संशयाच्या छायेखाली आले. रानड्यांसारख्या न्यायाधीशावरही सरकारची वक्रदृष्टी वळली व त्यांची धुळ्यास बदली झाली. जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि खटला पुण्यात उभा राहिला. त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे राजद्रोह्याचा साथीदार ठरण्याची जोखीम पत्करणे. भलेभले घरात बसले. काका पुढे झाले. महादेव चिमणाजी आपटे यांनीही बचावाच्या कामात साथ दिली.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. काकांचा मार्ग अर्जांचा, सभांचा, कायद्याचा. फडक्यांचा मार्ग तलवारीचा. दोघांच्या वाटा पूर्णपणे भिन्न होत्या. तरीही आरोपी कितीही अप्रिय असो, त्याची बाजू मांडल्याशिवाय त्याला शिक्षा होता कामा नये, हे न्यायाचे पहिले सूत्र काकांनी जिवावर उदार होऊन पाळले. आपल्या मताच्या माणसाचा बचाव कोणीही करील. आपल्याला न पटणाऱ्या मार्गाने गेलेल्या माणसासाठी उभे राहणे, हीच वकिली धर्माची कसोटी होय. खटल्याचा निकाल काय लागणार हे काकांना ठाऊक नसेल, असे मानण्याचे कारण नाही. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

ते पाहण्यास काका उरले नव्हते. २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या आरंभी चिपळूणकर-टिळकांची न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाली होती. एक पिढी निघून जात होती, दुसरी उंबरठ्यावर उभी होती.

आज गरजूला मोफत कायदेशीर साहाय्य देण्याचे तत्त्व आपल्या राज्यघटनेत आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ते आले आणि १९८७ च्या कायद्याने त्याला यंत्रणा लाभली. ही फार मोठी मजल आहे. तरी यंत्रणेला हृदय देणारा माणूसच असतो. आपणांपैकी कित्येकजण उद्या कायद्याच्या अभ्यासाकडे वळतील, कित्येक शिक्षक, पत्रकार, अधिकारी होतील आणि कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून लोकांच्या वतीने बोलू लागतील. त्या वेळी आपल्या खिशात किती जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आहे, हा काकांनी घालून दिलेला प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला, तर त्यांच्या स्मृतीला याहून निराळ्या स्मारकाची गरज उरणार नाही.