मुंबईच्या तळ्यातलं पाणी वाटीत घेऊन बसणारा डॉक्टर: कोण होता हेन्री कार्टर?

फिश टँकची काच काही दिवस पुसली नाही की तिच्यावर हिरवट थर येतो. त्यातला एक थेंब मायक्रोस्कोपखाली धरला तर अमिबा, पॅरामिशियम, एका डोळ्याचा सायक्लॉप्स असं अख्खं गाव दिसू शकतं. आज रत्नागिरीतल्या कुठल्याही घरात जमेल असा हा उद्योग पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत एक डॉक्टर करत होता. त्याचं नाव हेन्री जॉन कार्टर.

१८१३ साली इंग्लंडमधल्या बडली सॉल्टर्टनमध्ये जन्मलेला कार्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात सर्जन होता. त्याला नाद लागला तो मुंबईच्या तळ्यांतल्या गोड्या पाण्यातल्या स्पंजचा. स्पंज ही वनस्पती की प्राणी, यावर तेव्हा शास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं.

कार्टरने स्पंजच्या बारीक बीजगोळ्या काचेच्या वाटीत वाढवल्या. १८४९ मध्ये त्याने वर्णन केलेली 'स्पॉन्जिला अल्बा' ही जात आजही त्याच नावाने ओळखली जाते. पुढे त्याने कोवळ्या स्पंजच्या पाण्यात लाल रंगाचे कण सोडले. स्पंजच्या पेशींनी ते गिळले. म्हणजे स्पंज खातो, तो प्राणीच!

पण खरा जिवावरचा प्रश्न होता नारूचा. माणसाच्या पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा आणि माणूस कित्येक आठवडे अंथरुणाला खिळायचा. तळ्यातले सूक्ष्म जंत अंघोळ करताना कातडीतून शिरत असावेत, असा कार्टरचा अंदाज होता. पाण्यावरचा संशय बरोबर होता, पण वाट चुकली होती.

१८७० मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी फेडचेंको यांनी दाखवलं की नारूची पिल्लं सायक्लॉप्सच्या पोटात वाढतात. असं पाणी प्यायलं की नारू शरीरात जातो. मग उपायही सोपा निघाला: पाणी कापडातून गाळून प्या आणि पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. त्यामुळे टँकमधल्या सायक्लॉप्सला आज घाबरायचं कारण नाही.

१८५९ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झालेला कार्टर १८६२ मध्ये मायदेशी परतला आणि स्पंजवरच काम करत राहिला. १८९५ मध्ये जन्मगावीच त्याचं निधन झालं. भारतातल्या तळ्यांत सर्रास आढळणारा एक स्पंज आजही त्याच्या नावाने ओळखला जातो: 'युनापियस कार्टेरी'.