नकार पचवणारे संत : वसईचे गोन्सालो गार्सिया



दरवर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा जपानच्या २६ रक्तसाक्ष्यांचे स्मरण करते. पौल मिकी आणि सोबती म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्या सोबत्यांत एक जण आपल्या महाराष्ट्राचा, वसईचा होता, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. संत गोन्सालो गार्सिया हे त्यांचे नाव. भारतात जन्मलेले ते पहिले संत. आपल्या धर्मग्रामातील कामगार कुटुंबांना हा संत जवळचा वाटावा असे आम्हाला मनापासून वाटते. त्याचे कारण त्यांच्या मरणापेक्षा त्यांच्या जगण्यात अधिक आहे.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. तेव्हा वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच, कोकणातली. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय फादरांच्या शाळेत ते शिकले. पंधरा-सोळा वर्षांचे असताना फादरांबरोबर ते जहाजाने जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा चांगली आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून फादरांना मदत करू लागले. लोकांमध्ये ते प्रिय झाले. येशूसंघात प्रवेश घ्यावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती.

तो प्रवेश त्यांना मिळाला नाही.

येथे आपण थोडे थांबू या. घर सोडून, समुद्र ओलांडून, परकी भाषा शिकून ज्या कामात तारुण्य घातले, त्याच कामात आपल्याला कायमची जागा नाही हे कळल्यावर माणसाला काय वाटत असेल? चाकणमध्ये हे समजावून सांगावे लागत नाही. काही दिवसांपूर्वी मिस्सा संपल्यावर एक तरुण आमच्याजवळ थांबला. तीन वर्षे कंत्राटावर राबला, रात्रपाळ्या केल्या, आज ना उद्या कायम होऊ या आशेवर राहिला, आणि एके दिवशी गेटवरूनच परत पाठवला गेला. पैशापेक्षा अपमान त्याला अधिक लागला होता. देवाला आपली गरज नाही, असे त्याला वाटू लागले होते. आम्ही त्याला उपदेश केला नाही. गोन्सालो यांची गोष्ट तेवढी सांगितली.

गोन्सालो यांनी व्यापार सुरू केला. धंदा चांगला चालला, फिलिपाईन्समधील मनिलापर्यंत त्यांचे जाणे-येणे होऊ लागले. ते सुखाने श्रीमंत व्यापारी म्हणून जगू शकले असते, आणि त्यात पाप काहीच नव्हते. पण पहिली हाक त्यांच्या मनातून गेली नव्हती. मनिला येथे त्यांनी व्यापार सोडला आणि फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. धर्मगुरुपद त्यांच्या वाट्याला आले नाही.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला गेले, ते दुभाषा म्हणून. आपल्याकडील कारखान्यांत जपानी अधिकारी आणि मराठी कामगार यांच्यामध्ये दुभाषा उभा असतो, हे काहींनी पाहिले असेल. बोलणारा एक, ऐकणारा दुसरा, आणि मधल्याचे नाव कोणी विचारत नाही. राज्यकर्ता हिदेयोशी याच्या दरबारात आणि क्योटोच्या गल्ल्यांत गोन्सालो यांनी हेच काम केले. क्योटोमध्ये फ्रान्सिस्कनांनी चर्च उभारले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली. जी भाषा त्यांनी तरुणपणी शिकली होती, तीच आता गरिबांच्या कामी आली. देवाने त्या जुन्या वर्षांतले काहीच वाया जाऊ दिले नव्हते.

१५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यातून संशय वाढला आणि हिदेयोशीने मिशनऱ्यांना पकडण्याचा हुकूम दिला. जानेवारी १५९७ मध्ये क्योटो येथे बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. भर थंडीत सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. लुदोविको नावाचा मुलगा तर अवघ्या बारा वर्षांचा. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे, म्हणजे आमच्याच वयाचे होते. १६२७ मध्ये त्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सर्व २६ जणांना संतपद बहाल केले. मृत्यूनंतर २६५ वर्षांनी.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की धैर्य या सद्गुणाचे मुख्य रूप चाल करून जाणे हे नसून संकटात टिकून राहणे हे आहे. आणि सद्गुण एका दिवसात अंगी येत नाही, तो सवयीने मुरतो. निशिझाकावर गोन्सालो खंबीर उभे राहिले, ते धैर्य त्या सकाळी अचानक आले नव्हते. नकार मिळाला त्या दिवसापासून ते त्यांच्या अंगी मुरत होते. माणसांनी दार बंद केले म्हणून त्यांनी देवाचे दार बंद मानले नाही. कोणाविषयी कडवटपणा धरला नाही. शेवटी फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय शेजारी शेजारी मरण पावले.

वसईजवळ गास येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे. नागासाकीच्या टेकडीवर १९६२ मध्ये उभारलेल्या शिल्पात २६ जणांमध्ये तेही उभे आहेत. तेथे जाणे आपल्यापैकी थोड्यांनाच जमेल. पण संतांची भक्ती म्हणजे केवळ मेणबत्ती लावून मागणे मागणे नव्हे. ज्याच्यापुढे मेणबत्ती लावतो, त्याच्यासारखे थोडे तरी होऊ पाहणे ही खरी भक्ती. या आठवड्यात आपल्या चाळीत, सोसायटीत काम गेलेले एखादे घर असेल. त्यांच्याकडे जा, चहा घ्या, त्यांचे ऐका. आणि ते घर आपलेच असेल, तर रविवारच्या मिस्साला यायला लाजू नका. येथे तुमची जागा कायम आहे.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हासाठी विनंती करा.

— तुमचे फादर